रोज एक छायाचित्र : संत्रा बागेची वर्षभराची नोंद

संत्रा बागायतदारास गेल्या वर्षी आंबिया बहाराचा ताण केव्हा तोडला असे विचारले, तर बहुधा "संक्रांतीच्या आसपास" असे उत्तर मिळते. डिंक्या केव्हा दिसला, नवती केव्हा फुटली, फळगळ कोणत्या आठवड्यात वाढली, याची उत्तरेही अशीच अंदाजाची असतात. नोंदवही ठेवावी हे सर्वांना मान्य आहे. परंतु दिवसभराच्या कामानंतर लिहिण्याचा कंटाळा येतो आणि आठ-पंधरा दिवसांत वही कोरी राहते. आता बहुतेक घरांत कॅमेरा असलेला मोबाईल आहे. त्याच्या साहाय्याने दररोज एकाच झाडाचे, एकाच जागेवरून एक छायाचित्र घेतले, तर दोन मिनिटांत त्या दिवसाची नोंद होते.

प्रस्तुत लेखक नागपूरच्या गांधीबागेत राहतो. कापडाच्या ठोक बाजाराचा हा भाग आहे. येथे खिडकीतून शेत दिसण्याची सोय नाही. वडिलोपार्जित संत्रा बगीचा काटोल तालुक्यात असून तो धाकटा भाऊ पाहतो. १ डिसेंबर २०२३ पासून ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत त्याने एका झाडाचे रोज छायाचित्र घेऊन गांधीबागेत पाठविले. वर्ष लीप असल्याने दिवस ३६६ होते. १७ दिवस चुकले, ३४९ छायाचित्रे जमा झाली. या वर्षात जे साधले आणि जे हुकले, ते दोन्ही बागायतदार बंधूंच्या उपयोगी पडेल असे वाटते.

अशी नोंद जानेवारीच्या १ तारखेपासूनच सुरू केली पाहिजे असे नाही. संत्र्याचे वर्ष ताणापासून सुरू होते, म्हणून आंबिया बहार घेणाऱ्यांनी पाणी बंद करण्याच्या दिवशी पहिले छायाचित्र घ्यावे. मृग बहार घेणाऱ्यांनी मे महिन्यातील ताणापासून आरंभ करावा.

जागा व वेळ

बगीच्यातील सर्वांत चांगले झाड निवडण्याचा मोह होतो, तो टाळावा. मध्यम वाढीचे, बांधापासून आत असलेले झाड निवडावे. झाडापासून साधारण ५ मीटरवर कडुनिंबाची किंवा बाभळीची मजबूत खुंटी छातीइतक्या उंचीची रोवावी व मोबाईल तिच्या माथ्यावर टेकवूनच छायाचित्र घ्यावे. खुंटी अशा बाजूस असावी की सकाळी सूर्य छायाचित्र घेणाऱ्याच्या पाठीशी राहील. बुंधा, घेर व झाडाखालील जमीन ही तिन्ही चौकटीत आली पाहिजेत.

वेळ सकाळी आठची ठेवावी. यामागे सोयीपेक्षा महत्त्वाचे कारण आहे. दुपारच्या उन्हात पुरेसे पाणी मिळालेल्या झाडाची पानेही मलूल दिसतात. सकाळी पाने पुन्हा ताठ झाली असतील, तर झाडाला खरा ताण बसलेला नाही. आमच्या बगीच्यात २८ डिसेंबरला भावाचा फोन आला, "दादा, पानं पार लोंबली आहेत, पाणी सोडू का?" त्या दिवशी त्याने दुपारी दोन वाजता छायाचित्र घेतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळचे पाहिले, तर पाने चांगली ताठ होती. त्या दिवशी पाणी सोडले असते, तर अपुऱ्या ताणामुळे फुलांऐवजी नुसती नवती फुटण्याचा धोका होता.

ताणाचे मोजमाप

हलक्या जमिनीत साधारण एक महिन्यात ताण पुरा होतो. मध्यम ते भारी जमिनीत दीड ते दोन महिनेही लागतात. पाने मलूल होऊन सुमारे २५ टक्के पानगळ झाली की ताण पुरेसा झाला असे समजण्यात येते. अडचण अशी की २५ टक्के म्हणजे किती, हे डोळ्यांना कळत नाही. यासाठी चार दिशांच्या चार फांद्यांना रंगीत दोरा बांधावा. प्रत्येक फांदीवर ५० पाने मोजून दोऱ्याची जागा ठरवावी. एकूण २०० पाने होतात, त्यांतील ५० गळली की २५ टक्के झाले. दर चार दिवसांनी या फांद्यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत व पाने घरी निवांतपणे मोजावीत. आमच्याकडे १४ जानेवारीस १५८ पाने शिल्लक होती, १८ जानेवारीस १४९ राहिली. त्याच दिवशी पहिले हलके पाणी दिले व पुढील पाळ्यांत ते वाढवीत नेले.

पाणी दिल्यानंतर नवती फुटू लागते. कोवळ्या शेंड्यांवर सायट्रस सायला अंडी घालते. या काळात रोजच्या छायाचित्रासोबत एका शेंड्याचेही छायाचित्र घ्यावे, शेजारी एक रुपयाचे नाणे धरावे म्हणजे वाढ कळते. किडीची अंडी छायाचित्रात शोधत बसू नये. ती फार बारीक असतात, त्यासाठी भिंगच हवे. नवती कोणत्या दिवशी निघाली एवढे छायाचित्रावरून कळते आणि फवारणीची वेळ ठरविण्यास ते पुरते.

रंगाच्या बाबतीत मोबाईलवर विश्वास ठेवू नये. तो उजेड पाहून रंग आपोआप बदलतो. एकदा पाने पिवळट दिसली म्हणून आम्ही जस्ताची कमतरता समजून चर्चा केली. प्रत्यक्षात ते छायाचित्र सायंकाळच्या पिवळ्या उन्हातील होते. झाडाच्या फांदीला पांढऱ्या पत्र्याचा लहान तुकडा कायम टांगून ठेवावा. पत्रा पिवळा दिसला, तर पानांचा पिवळेपणाही उजेडाचा समजावा.

जे हुकले

२ ऑगस्टला भावास या झाडाच्या बुंध्यावर डिंक ओघळलेला दिसला. मागील छायाचित्रे उघडून पाहिली. ९ जुलैच्या छायाचित्रात, अगदी खालच्या कोपऱ्यात, जमिनीलगत सालीवर ओला काळपट डाग स्पष्ट होता. म्हणजे २४ दिवस हा रोग रोज आमच्या समोर येत होता, आणि आम्ही दोघेही घेराची हिरवळ पाहून मोबाईल बाजूला ठेवत होतो. साल खरवडून एक टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने जखम धुतली, बोर्डो मलम लावले, परंतु सालीचा मोठा घेर आधीच कुजला होता. दिवाळीनंतर ते झाड काढावे लागले. वडिलांनी लावलेल्या ओळीतील होते. आजूबाजूच्या झाडांचे बुंधे त्याच आठवड्यात तपासले, तेव्हा आणखी दोन झाडांवर सुरुवात सापडली, ती वाचली. (मलमासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे. ते पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बुंध्यास १ मीटर उंचीपर्यंत लावावे. त्या वर्षी पावसाळ्यापूर्वीचा लेप आमच्याकडून राहून गेला होता.)

म्हणून दर रविवारी घरातील दोन माणसांनी सोबत बसून सात दिवसांची छायाचित्रे एकापाठोपाठ पाहावीत. आधी बुंधा, मग जमीन, मग घेर, असा क्रम ठेवावा.

एकाच जागेवर पुन्हा पुन्हा पाहण्याची पद्धत नवीन नाही. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला, त्यातही ठरलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी किडी मोजल्या जातात. अमेरिकेत २००८ पासून फेनोकॅम या जाळ्यातील कॅमेरे जंगलांवर व शेतांवर कायम रोखलेले असून छायाचित्रांतील हिरवेपणावरून पालवीची तारीख काढतात. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टन यांनी तर ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ रोजी मृत्यू होईपर्यंत रोज एक छायाचित्र घेतले. त्यांचा विषय शेती नव्हता, पण चिकाटी घेण्यासारखी आहे. रिळाच्या कॅमेऱ्यात ३६ छायाचित्रे बसत. वर्षाला अकरा रिळे व ती धुण्याचा खर्च कोणा शेतकऱ्यास परवडला असता!

पंचनाम्याच्या वेळी अशी छायाचित्रे जवळ असणे चांगले. मात्र ती ई-पीक पाहणीची जागा घेत नाहीत. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या त्या नोंदीचे छायाचित्र त्याच ॲपमधून, शेतात उभे राहून, मुदतीत घ्यावे लागते. हवामानावर आधारित फळपीक विम्यातही भर हवामान केंद्राच्या आकड्यांवर असतो, हे ध्यानात ठेवावे.

एक छायाचित्र साधारण ३ ते ४ एमबीचे धरल्यास वर्षाची नोंद दीड जीबीच्या आत बसते. दर महिन्यास ती पेनड्राइव्हमध्ये उतरवून महिन्याच्या नावाने ठेवावी. पाऊस, फवारणी व पाण्याची पाळी यांच्या तारखा भिंतीवरील कॅलेंडरवर लिहाव्यात. वखरणीच्या वेळी खुंटी उखडली जाते. तिच्या पायाशी एक दगड पुरून ठेवावा, म्हणजे जागा पुन्हा सापडते.