ओसाकात माणूस नेमताना

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमचा प्लास्टिक चटयांचा कारखाना आहे. विक्रीसाठी ओसाकात जपानी माणूस हवा. तिथे कंपनी न काढता त्रयस्थ संस्थेमार्फत नेमता येईल का?
– एक उद्योजक, जळगाव

उत्तर : येईल. कागदोपत्री मालक ती संस्था, काम सांगणारे तुम्ही. मात्र दुसऱ्याच्या हाताखाली माणसे देण्याचा जपानी सरकारचा परवाना तिच्याकडे आहे ना, हे आधी तपासा. पगाराखेरीज पेन्शनच्या १८.३ टक्क्यांतला निम्मा वाटा, आरोग्य विमा आणि संस्थेचे शुल्क हिशेबात धरा. सहा महिन्यांच्या नियमित कामानंतर १० दिवसांची भरपगारी रजा द्यावीच लागते. काढायचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस पुरत नाही, सबळ कारण लागते. ऑर्डरी पक्क्या करण्याचे अधिकार त्याला दिलेत, तर तुमच्या नफ्यावर जपानी कर लागू शकतो. म्हणून करारात त्याची कामे सीएला विचारूनच लिहा.