खोलीचा दोष, गळ्याचा गुण

तुळशीची लग्नं उरकली की माझ्याकडे आवाजांच्या फाइली यायला लागतात. घणसोली, गोठिवली, दिवाळे, करावे, तुर्भे, कधी पार उलव्याहून. कुणाच्या भावाची हळद असते, कुणी स्वतः गाणं बांधलेलं असतं, कुणी आजीच्या तोंडचे धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, जपायला निघालेला असतो. रेकॉर्डिंग घरीच झालेलं असतं. एक लॅपटॉप, एक लहान इंटरफेस, एक माइक, आणि गल्ली निजल्यावरची वेळ. सोबत निरोप ठरलेला: 'दादा, जरा चकाचक करून द्या.' मी घणसोलीच्या गावठाणातला, आणि हे काम जीव लावून करतो. पण या चकाचकपणाची मला धास्ती आहे. आपल्या माणसांचे आवाज त्यात पुसले जाताना मी पाहिले आहेत.

त्यातलं एक उदाहरण सांगतो. आगरी लग्नात मांडव, उंबर, हळद अशा विधींचे धवले निरनिराळे असतात. ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि तिचा मान भटजीच्या बरोबरीचा. वाद्याची साथ नाही, पेटीचा सूर नाही. ती ओळ उचलते आणि बाकीच्या बाया मागून धरतात. एका घरी लग्नाच्या आदल्या रात्री मागच्या खोलीत बसवून अशा एका वयस्कर धवलारणीचे धवले मुलांनी रेकॉर्ड केले. कल्पना चांगली होती, आवाजही बरा आला होता. मग कुणीतरी तो 'साफ' केला. पंख्याची घरघर काढताना श्वास गेले, 'स' आणि 'ह' गेले. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर सर्वांत वेगवान मापावर लावलं, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी प्रत्येक ओढ पायरीपायरीने तुटली. घरात ते लावलं तेव्हा त्या धवलारीण बयने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, 'ह्यो माजा आवाज नाय.'

ती फाइल 'पहिल्यासारखी करा' म्हणून माझ्याकडे आली. मूळ रेकॉर्डिंग मागितलं, तर बदललेली फाइल त्याच नावाने त्याच जागी साठवलेली निघाली. कार्डही पुसून दुसरीकडे वापरलं गेलं होतं. त्यावर उपाय नव्हता. काही धवले बयने पुन्हा म्हटले. काही मात्र विधीच्या वेळेखेरीज तोंडातून काढायला तिने नकार दिला, आणि तिचं बरोबरच होतं. म्हणून पहिलं सांगणं हे की गाणं संपल्याबरोबर मूळ फाइलीच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि सगळी कारागिरी तिसऱ्या प्रतीवर करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइल पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

यापुढचं सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरतं. कानाला खटकतंय ते खोलीचं आहे की गळ्याचं? खोलीचं असेल तर ते मुळात रेकॉर्डच होऊ देऊ नका. गळ्याचं असेल तर हात लावण्याआधी दहादा ऐका.

आपल्या खोल्या कशा आहेत ते आधी बघू. नवं शहर वसवणारी सिडको १९७० साली आली, पंच्याण्णव गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या आणि गावठाणं आहे तेवढ्याच जागेत राहिली. घरं भिंतीला भिंत लावून वर चढली. त्यामुळे गावठाणातला स्टुडिओ म्हणजे बहुधा दहा बाय दहाची काँक्रीटची चौकोनी खोली. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लहर अडकते, मग तिच्या दुपटीची ११२, तिपटीची १६८. लांबी, रुंदी सारखी आणि उंचीही जवळपास तेवढीच असली की हे घुमणं एकावर एक चढतं. पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग नेमका इथेच असतो. मग 'आवाज डब्यातून आल्यासारखा येतो' म्हणून लोक माइक बदलतात. माइक बदलून खोली बदलत नाही. गाणाऱ्याला खोलीच्या बरोबर मध्यावर उभं करू नका, एका भिंतीपासून तिसऱ्या हिश्श्यावर उभं करा. सिडकोने वसवलेल्या नोडमधल्या नव्या फ्लॅटचं दुखणं वेगळं असतं. तिथे गुळगुळीत लादी, उघड्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असतात. तिथे टाळी वाजवा, भिंती टणटण उत्तर देतात.

भिंतींच्या या टणटणीवरचा इलाज गोधडीच आहे. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावी राल्फ पीर यांनी टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत भिंतींना जाड पांघरुणं लावून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांचं गाणं मुद्रित केलं. डोंगरातल्या त्या घरगुती आवाजांवर पुढे कंट्री म्युझिकचा सगळा डोलारा उभा राहिला. आपल्याकडे गोधड्यांना तोटा नाही. फक्त त्या कुठे लावायच्या ते नीट समजून घ्या. बहुतेक घरांत माइकच्या मागच्या भिंतीवर फोम चिकटवलेला दिसतो. नेहमीचा कार्डिओइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे गाणारा आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. गोधडी हवी ती गाणाऱ्याच्या पाठीशी आणि दोन्ही खांद्यांकडे, भिंतीपासून चार बोटं सोडून.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक आणि ट्रान्स-हार्बरची गाडी तुम्हाला थांबवता येणार नाही. पंखा आणि फ्रिज येतो. वैशाखात बंद खोलीत माणूस घामाघूम होतो, म्हणून दोन कडवी गा, पंखा लावा, पाणी प्या, मग पुढची घ्या. मशिनकडून घरघर काढून घेण्यापेक्षा हे कष्ट फार स्वस्त पडतात. पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंग करूच नका. आणि दमट हवेत कंडेन्सर माइक उघडा न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा.

माइक कोणता, हे मला सगळ्यांत जास्त विचारलं जातं. आपला गळा मोकळा. खाडीवर, शेतावर, मांडवात हाक पोचवायची सवय असलेला. स्वस्त कंडेन्सर माइक अशा आवाजाचं वरचं टोक अधिक धारदार करतो आणि शेजारच्या घरातलं भांडंही टिपतो. न सजवलेल्या खोलीत साधा डायनॅमिक माइक बरा. शूअरचा एसएम५८ हा १९६६ पासून जगभरच्या मंचांवर आहे, आणि घरच्या रेकॉर्डिंगलाही तो उत्तम चालतो. तोंडापासून अंतर अर्धी वीत, कंडेन्सर असेल तर पूर्ण वीत. माइक फार जवळ घेतला की खर्ज फुगतो.

गेन लावताना 'हॅलो, चेक' म्हणून घेऊ नका. गाण्यातली सगळ्यांत उंच ओळ पूर्ण जोरात म्हणायला सांगा आणि तिचं टोक उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असं लावा. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर मापक अर्धं रिकामं दिसलं म्हणून काहीही बिघडत नाही. लाल दिव्याला लागलेला आवाज मात्र फाटतो, आणि फाटलेलं शिवून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा टाका दिसतोच. ब्लूटूथ हेडफोन लावून गाऊ नका, साथ कानाला उशिरा पोचते आणि गाणारा ठेक्यामागे पडतो. तारेचा हेडफोन घ्या, आणि मोकळ्यावर गाणाऱ्या माणसाचा एक कान उघडा ठेवा. स्वतःचा आवाज हवेतून ऐकल्याशिवाय त्याला सूर सापडत नाही.

आता पॉलिश. श्वास कापू नका. पाच-सहा डेसिबलने हळू करा आणि जागेवर राहू द्या. ८०-१०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढलं तरी चालतं, तिथे ट्रक आणि पावलंच असतात. २०० ते ४०० च्या पट्ट्यात खोली बसलेली असते, तिथे दोन-तीन डेसिबल कमी करून बघा. तीन हजार हर्ट्झच्या जवळपास मात्र थांबा. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झला सर्वाधिक हळवा असतो. ढोल वाजत असताना मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बाईचा आवाज पोचतो तो या पट्ट्याच्या बळावर. तो टोचतो म्हणून सरसकट सहा डेसिबल उडवले तर आवाज गोड होतो आणि कुणाचाच राहत नाही. टोचणारा एखादाच शब्द असेल तर तेवढाच शब्द खाली आणा.

कॉम्प्रेसरआधी हाताने काम करा. मोठे शब्द लहान करा, बुडालेले वर काढा. कंटाळवाणं आहे, पण त्यानंतर कॉम्प्रेसरला तीनास एक या प्रमाणात चार-पाच डेसिबलच दाबावं लागतं. अटॅक पंधरा-वीस मिलिसेकंद ठेवा, म्हणजे 'ट', 'ड', 'ग' यांचा ठोका सुटून बाहेर येतो. आगरी बोलीतलं गाणं त्या ठोक्यावर चालतं.

सुराच्या दुरुस्तीबद्दल सविस्तर बोलायला हवं. ऑटो-ट्यून १९९७ साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलकंपन्यांसाठी भूगर्भातल्या लहरींचं गणित करत. ते सॉफ्टवेअर गाणाऱ्याचा सूर पियानोच्या जवळच्या पट्टीवर नेऊन बसवतं. आपली धवलारीण पेटी ऐकून सुरुवात करत नाही. तिचा षड्ज काळी चार आणि पांढरी सहाच्या मध्येच कुठेतरी असतो. तो तिथे पूर्ण स्थिर असतो, फक्त पट्टीवर नसतो. सॉफ्टवेअरला मग तिची प्रत्येक ओळ बेसूर वाटते. अशा वेळी साथ जोडायचीच असेल तर ती तिच्या सुरात आणा. बहुतेक कीबोर्डमध्ये ट्यूनिंगची सोय असते. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर शंभर सेंटचं, त्यातले वीस-तीस सेंट वरखाली केलं की कीबोर्ड तिच्याशी जुळतो. एवढं करूनही एखादा स्वर खटकला, तर ज्या स्वरावर ओळ येऊन थांबते तेवढाच हाताने हलवा, तोही अर्ध्यापर्यंत. मधली ओढ पडद्यावर तिरकी रेघ दिसते. ती सरळ करू नका, गाणं त्या रेघेत आहे.

हळदीच्या गाण्यात आवाजाशी खरी टक्कर बेंजोची. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, १९१२ साली जपानच्या नागोयात जन्मलेल्या ताइशोगोतोचा वंशज. त्याची तार गाणाऱ्याच्या पट्ट्यातच खणखणते. गायकाचा आवाज वाढवत नेण्यापेक्षा कडवं चालू असताना बेंजोला दोन-अडीच हजार हर्ट्झजवळ तीन डेसिबल दाबा, आणि कडव्यांच्या मधल्या जागेत पूर्ण मोकळा सोडा. कोरससाठी एकच आवाज कॉपी करून सरकवू नका, तो पोकळ होतो. शेजारच्या चार बायांना बोलवा आणि दोनदा गाऊन घ्या.

रिव्हर्बमध्ये बुडवलेला आवाज मांडवात ऐकूच येत नाही, कारण मांडवाचा घुमारा त्यात आणखी भर घालतो. त्याऐवजी शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांचा एकच हलका प्रतिध्वनी द्या. मेम्फिसच्या सन स्टुडिओत १९५० च्या दशकात टेपवर हेच करत. लांबीचा भास होतो, शब्द स्वच्छ राहतात.

शेवटचा आवाज किती ठेवायचा? यूट्यूब उणे चौदा एलयूएफएसपेक्षा मोठं गाणं स्वतःच हळू करतं, म्हणून पिळून मोठं करण्यात काही हाती लागत नाही. मग ते गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, रिक्षातल्या डेकवर ऐका, आणि डावी-उजवी बाजू एकत्र करून मोनोमध्ये नक्की ऐका, कारण हळदीच्या सिस्टमवर ते बहुधा तसंच वाजणार आहे. मोनोत कोरस विरघळला, तर बाजूला पसरवणारे इफेक्ट काढून टाका. तरीही विरघळला, तर बायांना पुन्हा बोलवा.