गाव सोडून जाणारे मूल



शहरातील वंचित वस्त्यांच्या शिक्षणाचा प्रश्न शहरातील शिक्षकांनी पाहावा, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटत असेल. परंतु पुण्यामुंबईत नव्या इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोपटांत राहणाऱ्या मुलांपैकी कित्येकांची नावे आपल्यासारख्याच खेड्यांतील शाळांच्या पटावर एकदा लागलेली असतात. दिवाळीनंतर आपल्या वर्गात ज्या जागा रिकाम्या दिसतात, त्यांतील काही मुले तेथे असतात.

एक बांधकाम पुरे झाले की ठेकेदार मजुरांस दुसरीकडे नेतो. शाळा मागे राहते. आई घमेले उचलते, म्हणून मोठी मुलगी धाकट्यास कडेवर घेऊन बसते. तीनचार वेळा असे घडले म्हणजे दहा वर्षांच्या मुलास जोडाक्षरे वाचवत नाहीत. त्यास पहिलीच्या बालकांत बसविले तर ते लाजेने पुन्हा येत नाही, आणि पुढे बापाच्याच हाताखाली मजुरीस लागते. दारिद्र्य पिढ्यान् पिढ्या चालते ते असे. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागीच पाळणाघर काढले. धाकट्याची सोय झाल्याखेरीज थोरली मोकळी होत नाही, हे मर्म त्या कार्यात होते. मुंबईत १९८८ साली सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलने तर पुढे बसगाडीतच वर्ग भरविले.

बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे अशा मुलास वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही.

हा कायदा होण्यापूर्वी मी स्वतः एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. एक गृहस्थ बोचके घेऊन दारात उभे राहिले. परीक्षा झाल्यावर दाखला न्या, असे मी त्यांस सांगितले. एस.टी.ची वेळ झाली होती, ते गेले. तो मुलगा पुन्हा कोणत्याही शाळेत गेला नाही, हे मला फार उशिरा कळले. नियमाच्या दृष्टीने तेव्हा माझे काही चुकले नव्हते.

स्थलांतरित मुलांकरिता महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड आहे. त्याबरोबर एका कागदावर मूल काय वाचू शकते, हातच्याची वजाबाकी येते की नाही, कोणता धडा चालू होता, हे चार ओळींत लिहून द्यावे. पालकांचा दूरध्वनी क्रमांक टिपून ठेवावा. पाडव्यानंतर मूल परत आले तर ते काय विसरले एवढेच विचारू नये. एका घमेल्यास सहा घमेली वाळू हे प्रमाण ते पाहून आलेले असते. गुणोत्तराचा पाठ त्याच्याकडूनच फळ्यावर मांडून घ्यावा.