परसबागेत डबल बी : बियाणे एकदाच विकत घ्या

किराणा दुकानातील पांढरी, चपटी डबल बी म्हणजेच लिमा बीन. पेरूच्या राजधानीवरून तिला हे नाव मिळाले. घरामागे थोडी उन्हाची जागा असेल तर हे पीक घरीच घेता येते.

प्रथम उगवण तपासा. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा. आठवड्याभरात आठांना मोड आले तर बी पेरण्याजोगे समजावे. पावसाचा जोर ओसरल्यावर निचऱ्याच्या मातीत एक इंच खोल पेरा. वेलाला मांडव किंवा काठीचा आधार द्या.

शेणखत पेरणीपूर्वी घालावे, युरियावर मात्र पैसे घालवू नयेत. मुळांवरच्या गाठी हवेतील नत्र मिळवतात. नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि शेंगा कमी लागतात. फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला किंवा उष्मा वाढला की फुले गळतात. मावा दिसताच निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारा.

निरोगी वेलांवरील काही शेंगा वेलावरच वाळू द्या. शेंग हलवून दाणा वाजला की काढा. हेच पुढील हंगामाचे बियाणे.

एक खबरदारी महत्त्वाची. दाणे कच्चे खाऊ नयेत. त्यांतील द्रव्यापासून सायनाइड हे विष तयार होते. भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता चांगले शिजवा आणि ते पाणी फेकून द्या. जादा दाणे विकणार असाल तर गिऱ्हाइकालाही हे आवर्जून सांगा. माल विकताना त्याचा धोका सांगणे हाही व्यवहाराचाच भाग आहे.