झोप कशी लागते?

पुण्याजवळच्या खडकवासल्यात माझ्या दवाखान्याला बावीस वर्षं झाली. सुरुवातीला बाहेरच्या बाकावर डोणजे-गोऱ्ह्याचे शेतकरी बसायचे. आता निम्मे पेशंट उंच सोसायट्यांमधले. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, साधी फॅमिली डॉक्टर आहे. पण मनाचे आजार आधी माझ्याच दारात येतात. ते ओळखायला मला फार वेळ लागला.

१. मनाचं दुखणं पोटाच्या नावानं येतं.
"गॅसेस वर चढतात", "डोकं जड झालंय", "अंग गळून गेलंय, ताकदीचं सलाईन लावा." एका अण्णांना मी आठ महिने बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं देत होते. जमीन विकलेली, बंगला बांधलेला, दारात गाडी, रिपोर्ट सगळे चांगले. एकदा काकू सोबत आल्या. म्हणाल्या, "मॅडम, हे पहाटे तीनला उठतात आणि गोठा होता तिथं जाऊन उभे राहतात. आता पार्किंग आहे तिथं." अण्णा मान खाली घालून हाताची नखं बघत बसले होते. ते नैराश्य होतं. आठ महिन्यांत मी झोपेचं एकदाही विचारलं नव्हतं. ती चूक माझी, आणि ती अजून सलते. आता बीपी बघायच्या आधी मी झोपेचंच विचारते. रोज पहाटे जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही, सकाळ सर्वांत वाईट जाते, असं कुणी सांगितलं की मी खुर्ची पुढे ओढते.

२. "याला काय कमी आहे?" हे वाक्य फार घात करतं.
गुंठे विकून आलेला पैसा गावाला दिसतो. सकाळी उठून जायला वावर उरलं नाही, हे दिसत नाही. चाळिशीतला माणूस दिवसभर नुसता बसून असतो, मग संध्याकाळी बाटली येते. घरचे मला फक्त दारूचं सांगतात. त्याच्या आधीचं कुणी बोलत नाही.

३. मुंग्या खऱ्याही असतात.
जानेवारी २०२५ मध्ये आमच्या शेजारचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली. ती दूषित पाण्यातून आल्याचा संशय होता, त्यामुळे पाण्याची धास्ती घराघरांत बसली. हातापायाला मुंग्या आल्या म्हणत रोज माणसं यायची. मी प्रत्येकाच्या गुडघ्यावर हातोडी मारून बघायचे, कारण जीबीएसमध्ये पाय आपोआप उडण्याची प्रतिक्रिया मंदावते किंवा जाते. पुष्कळांचा पाय झटकन उडायचा; त्यांच्या मुंग्या बहुधा भीतीच्या असायच्या. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटं मुंग्यांनी भरतात. पण हे तपासल्यावर सांगायचं. आधी "टेन्शन घेऊ नका" म्हणून वाटेला लावायचं नाही.

४. नव्यानं आलेल्यांना गाव मिळत नाही.
घराचे हप्ते, टँकर, सिंहगड रोडवर रोज जाणारे दोन तास. एक आजी मराठवाड्यातून लेकाकडे अकराव्या मजल्यावर आल्या आणि लिफ्टच्या भीतीनं चार महिने खाली उतरल्याच नाहीत.

५. ही गोष्ट फक्त आपल्या गावची नाही.
'निम्हान्स'च्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला. नैराश्य, चिंता यांचं प्रमाण महानगरांत गावांच्या दोन ते तीन पट होतं आणि बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. पाहणी झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमचं गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. अशा अर्ध्या गाव, अर्ध्या शहराला कोणत्या रकान्यात घालायचं, हा प्रश्न मला पडतोच.

६. जगणं नकोसं वाटतं का, हे स्पष्ट विचारावं.
विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कित्येक जण पहिल्यांदाच मोकळा श्वास सोडतात. मग ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या सरकारी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिते. फोन फुकट लागतो, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

७. गोळीला वेळ लागतो, हे पहिल्याच दिवशी सांगावं.
मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढताच अण्णांनी विचारलं, "येरवड्याला, वेड्यांच्या इस्पितळात धाडताय का मला?" मी सोबत यायला तयार झाले तेव्हाच ते गेले. गोळ्या सुरू झाल्यावर आठवड्यात म्हणाले, काही फरक नाही, बंद करतो. काकूंनी डबीवर तारखा लिहून गोळ्या चालू ठेवल्या. चौथ्या आठवड्यात काकूंचा सकाळी सातला फोन आला. हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, अजून झोपलेत."