वनजाई कशी ओळखावी?

भाईंदर, उत्तन व डोंगरी येथील खाडीकांठीं आपण नेहमीं जातों. तथापि तेथील झुडपांकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं. त्यांपैकीं वनजाई हें एक सदाहरित, आपल्या किनाऱ्याचेंच झुडूप आहे. कुंपणास लाविलें म्हणजे पुष्कळ लोक त्यास कोयनेल म्हणतात.

त्याची ओळख असणें ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे. त्याच चिखलाच्या कडेस गेवा नांवाचें झाडही वाढतें. गेव्याची फांदी मोडली असतां पांढरा चीक निघतो. तो डोळ्यांत गेल्यास फार आग होऊन कांहीं काळ दृष्टीही जाऊं शकते. दोहोंचीं पानें हिरवीं व तकतकीत असल्यामुळें काटक्या तोडणाऱ्यांची व खेळणाऱ्या मुलांची फसगत होण्याचा संभव आहे. म्हणून हात लावण्यापूर्वीं आपण तीन खुणा पाहूं.

पहिली खूण पानांची. वनजाईचीं पानें बहुधा समोरासमोर जोडीनें येतात. गेव्याचीं एकाआड एक येतात.

दुसरी खूण फुलांची. वनजाईचें फूल पांढरें, लांब नळीचें व पांच पाकळ्यांचें असून त्यांतून चार जांभळट पुंकेसर लांब बाहेर आलेले असतात. बागेंतील जाईस दोनच पुंकेसर असतात व ते नळींत दडलेले असतात; सारांश, दोघींचें नातें नांवापुरतेंच आहे. गेव्याचीं फुलें अगदीं बारीक असून तुऱ्यांत येतात.

तिसरी खूण फळाची. वनजाईचें फळ पिकून वाळलें म्हणजे त्याचे चार भाग होतात. गेव्याचें फळ तीन खणांचें असतें.

एकाच खुणेवर मात्र विसंबूं नये, कारण तिवराचींही पानें समोरासमोरच असतात. नांवाच्या बाबतींत तर पंडितांसही फेरविचार करावा लागला. लिनियसनें १७५३ सालीं या झुडपास 'व्होल्कामेरिया इनर्मिस', म्हणजे बिनकांट्याचें, असें नांव दिलें. १७८८ सालीं गर्टनरनें तें 'क्लेरोडेंड्रम' वर्गांत घातलें. आणि २०१० सालीं नव्या संशोधनानंतर तें फिरून जुन्या नांवाखालीं आलें.

आम्ही पालकांस व शिक्षकांस विनंती करितों कीं, हा पाठ मुलांस झाडांजवळ नेऊनच द्यावा. चीक डोळ्यांत गेल्यास डोळा चोळूं नये. पुष्कळ स्वच्छ पाण्यानें धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें. परंतु ती वेळ येऊं नये म्हणून नियम हाच: आधीं पानें पाहावीं, मग फांदीस हात लावावा.