मधमाशी आणि आपले ताट

मध म्हटला की आपल्याला सर्दी-खोकला आठवतो. आल्याच्या रसात चमचाभर मध, औषधाला अनुपान म्हणून मध, अशी त्याची घरोघरी ओळख आहे. म्हणून मधमाशीचा आपल्या आरोग्याशी संबंध काय, असे विचारले तर कोणीही 'मध' हेच उत्तर देईल. ते चूक नाही, पण अपुरे आहे. मध ही मधमाशीची वरकड देणगी झाली. तिचे खरे काम आपल्या रोजच्या ताटात वाढलेले असते.

ज्वारी, बाजरी, गहू, भात ही गवताच्या कुळातील पिके. त्यांचे परागकण वाऱ्याबरोबर उडतात किंवा त्याच फुलात पडून दाणा भरतो. म्हणजे उद्या मधमाश्या नाहीशा झाल्या तरी भाकरी मिळेल. पण भाकरीबरोबर काय खाणार? लाल भोपळा, काकडी, कारली, शेवग्याच्या शेंगा, कारळ्याची चटणी, सूर्यफुलाचे तेल, मसाल्यातले धने, पेरू, डाळिंब, कलिंगड या सर्वांना मधमाशीची किंवा तिच्यासारख्या इतर कीटकांची कमीअधिक मदत लागते. कांदा जमिनीत वाढतो खरा, पण पुढच्या हंगामाचे बी कांद्याच्या गोंड्यावर माशा बसल्या तरच भरते. जगातील 115 प्रमुख अन्नपिकांपैकी 87 पिकांना कीटक-पक्ष्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा उपयोग होतो, असे शास्त्रज्ञांनी 2007 साली दाखवून दिले आहे.

भाकरीने पोट भरते, पण तेवढ्याने शरीराची गरज भागत नाही. डोळ्यांसाठी आवश्यक असलेले अ जीवनसत्त्व लाल भोपळा आणि आंब्यातून मिळते. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते जेवणात असले की बाजरीतले व पालेभाजीतले लोह अंगी लागते. आपल्याकडे वाढत्या वयाच्या मुली आणि गरोदर स्त्रिया यांच्यात रक्तक्षय किती आढळतो, हे वेगळे सांगायला नको. फळे-भाज्या कमी पिकल्या की महाग होतात आणि महाग झाल्या की गरिबाच्या ताटातून त्याच आधी जातात. मधमाशी कमी होण्याची झळ आरोग्याला बसते ती अशी.

फळ धरते कसे?

परसातल्या भोपळ्याच्या वेलाचेच पाहा. त्यावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा दिसतो. नर फुलातील पराग मादी फुलावर पोहोचला तरच तो वाढतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. आपण खत कमी पडले म्हणतो, कुणाची दृष्ट लागली म्हणतो. पुष्कळदा खरे कारण एवढेच असते, की सकाळी फूल उमलले तेव्हा त्यावर माशी आलीच नाही.

मधमाशी हे काम उपकार म्हणून करत नाही. ती मकरंद आणि पराग गोळा करायला जाते. तिच्या अंगावरील लवेला पराग चिकटतो आणि पुढच्या फुलावर झडतो. शिवाय एका फेरीत ती बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते. त्यामुळे भोपळ्याचा पराग भोपळ्यालाच मिळतो. म्हणूनच ती इतर कीटकांपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

सूर्यफुलाच्या शेतात माशा कमी असल्या की दाणे पोचट राहतात. अशा वेळी हाताला मऊ कापड गुंडाळून सकाळी फुलांवरून हळुवार फिरवावे, असा सल्ला शेतीतज्ज्ञ देतात. माशी फुकट करते तेच काम माणसाने मजुरी देऊन करायचे! महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचेही तसेच. फळावर दिसणारे बारीक दाणे नीट फळले नाहीत तर फळ वेडेवाकडे होते आणि बाजारात त्याला भाव मिळत नाही.

आपल्या भागातील मधमाशी

आपल्याकडे डोंगरात कडेकपारीला मोठी पोळी बांधणारी आग्या, झुडपांवर लहान पोळे करणारी फुलोरी आणि झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी या माशा आढळतात. यांपैकी सातेरी लाकडी पेटीत पाळता येते. महाबळेश्वरला 1946 पासून मधमाशापालनाचे काम सुरू आहे आणि खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथेच आहे. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर तेथे मध मिळतो. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीचा मध तर प्रसिद्धच आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव मे 2022 मध्ये देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

सांगली जिल्ह्यातील स्थिती थोडी निराळी आहे. तासगावच्या द्राक्षाला मधमाशीची फारशी गरज नसते, त्याचे परागीभवन आपले आपण होते. पण आटपाडी-जतच्या डाळिंबावर नर फुले आणि फळ धरणारी फुले अशी दोन्ही येतात, तेथे माशी हवीच. आता अडचण अशी, की द्राक्षावर मारलेले औषध बांधाजवळ थांबत नाही. ते वाऱ्याने शेजारच्या रानात जाते, बागेतल्या फुललेल्या तणावर बसते आणि तेथे आलेली माशी मरते. काही विषारी औषधांनी माशी जागीच मरत नाही, पण तिला पोळ्याची वाट सापडत नाही. इमिडाक्लोप्रिडसह अशा तीन औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने 2018 साली बंदी घातली.

काय करता येईल?

1. पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक शक्यतो मारू नये. मारावेच लागले तर सूर्यास्तानंतर, माशा पोळ्यात परतल्यावर मारावे.

2. शेजारी मधपेट्या असतील तर फवारणीआधी एक दिवस सांगावे.

3. बांधावर शेवगा, जांभूळ, करंज लावावे. पिकाचा हंगाम संपल्यावरही माशीला खायला मिळाले पाहिजे.

4. पोळे दिसले की टेंभा घेऊन जाळू नये. माहीतगार मधपाळाला बोलवावे. आग्याच्या पोळ्याला दगड मारणे किंवा त्याखाली धूर करणे तर जिवावर बेतू शकते.

5. माशी चावल्यास काटा नखाने खरवडून ताबडतोब काढावा व बर्फ लावावा. ओठ, चेहरा सुजला, दम लागला, चक्कर आली किंवा अनेक माशा चावल्या तर घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

मधाविषयी थोडेसे

बाळ जन्मताच मध चाटवण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. ती सोडावी. मधात क्वचित एका जिवाणूचे बीज असते. मोठ्यांना ते बाधत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून अंग लुळे पडते, श्वासही अडखळतो. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचे बोटही देऊ नये. मधुमेहाच्या रुग्णांनीही 'मध चालतो' या भ्रमात राहू नये. मधात सुमारे 80 टक्के साखरच असते. थंडीत मधाची साखर झाली म्हणजे तो भेसळीचा, हाही गैरसमज आहे. चांगल्या मधाचीही साखर होते.

एक कामकरी माशी हंगामात जेमतेम सहा आठवडे जगते आणि तेवढ्यात चहाच्या चमच्याचा सुमारे बारावा भाग मध गोळा करते. तेवढ्या मधासाठी ती हजारो फुलांवर जाऊन येते. आपल्या ताटातील भाजी आणि मुलांच्या हातातले फळ त्या फेऱ्यांतून येते. फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी एवढे आठवले, आणि पंप सकाळऐवजी संध्याकाळी उचलला, तरी पुष्कळ झाले.